ज्याच्या हाती कडं

न्तोंबीचं पूर्ण नाव न्तोंबिझोद्वा, म्हणजे ‘नुसत्या मुलीच’. तिसरी मुलगी झाली तेव्हा बापाने कपाळावर हात मारून ठेवलेलं नाव. तिच्या पाठीवर मुलगा झाला, त्याचं नाव वुसुमुझी, म्हणजे ‘घर उभं करणारा’. घर पुढे उभं केलं ते न्तोंबीने. हॅमर्सडेलला तिचा शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. एशोवेच्या पलीकडे झुंगूंच्या, म्हणजे तिच्या कुळाच्या, वस्तीत जे पक्कं घर दिसतं, पाण्याची टाकी दिसते, ते सगळं त्या शिलाईच्या मशिनींनी आणलेलं. पण नावं काही कुणी बदलली नाहीत.

आता तिला मोठी गाडी घ्यायची होती. स्वतःसाठी हवी होतीच, खोटं कशाला बोला, पण मुख्य म्हणजे आईसाठी. आईचा गुडघा गेला होता. न्तोंबीच्या जुन्या पांढऱ्या गाडीत बसायचं तर आई आधी पाठ आत घालायची, मग दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायची आणि ही गाडी बनवणाऱ्याचा उद्धार करायची. म्हणून न्तोंबीला उंच, रुंद दाराची, गावच्या खडीच्या चढावर दम न टाकणारी गाडी पाहिजे होती. उम्हलांगाच्या एका बड्या शोरूममध्ये तशी एक क्रॉसओव्हर होती आणि सोयही होती, शुक्रवारी न्या, सोमवारी परत आणा, मग ठरवा. न्तोंबीला ते पटलं. कापड धुतल्याशिवाय कळत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

धाकटा भाऊ वुसी बरोबर आला, कारण शुक्रवारी त्याला काम नव्हतं. गुरुवारीही नव्हतं.

शोरूममधला विक्रेता क्रीसन, टाय लावलेला, अत्तराने भिजलेला, तो थेट वुसीकडे धावला. “या बॉस, या. मॅडम, तुम्ही इथे निवांत बसा. कॉफी सांगू?”

“कॉफी नको,” न्तोंबी म्हणाली. “गाडी भरलेली असली की चढावर ओढ कशी आहे ते सांग. आणि मागचं दार पुरतं उघडतं का?”

“उत्तम प्रश्न,” क्रीसन म्हणाला आणि उत्तर दिलं वुसीला. इंजिन वुसीला, ब्रेक वुसीला. मग न्तोंबीकडे वळून गोड आवाजात म्हणाला, “मॅडमना रंग कुठला आवडला?”

“रंगाचं राहू दे. जमिनीपासून उंची सांग.”

त्याने उंचीसुद्धा वुसीला सांगितली. वुसी एका हाताने हनुवटी चोळत मान डोलवत होता. त्याला गाडीतलं कळतं किती, तर ती लाल की काळी एवढं. पण माणूस खुर्चीत असा रेलला होता की बघणाऱ्याला वाटावं, दर महिन्याला एक गाडी बदलतो.

“बॉस, लायसन्स देता?”

बॉसच्या लायसन्सची मुदत कधीच संपली होती. न्तोंबीने आपलं काढून टेबलावर टाकलं.

“म्हणजे बॉसच्या वतीने मॅडम सही करणार.”

“कुणाच्या वतीने नाही. गाडी मी घेणार आहे.”

क्रीसन हसला. तिने गंमत केली असं त्याला खरोखरच वाटलं. न्तोंबीने तिथूनच उठून जायला हवं होतं, पण पाय हातांनी उचलणारी आई डोळ्यांपुढे आली आणि तिने राग गिळून सही केली.

गाडी मात्र गुणाची निघाली. उसाच्या मळ्यांमधून असा आवाज न करता चालली की न्तोंबीला आपलाच श्वास ऐकू येत होता. वुसी शेजारी बसून फोटो काढत होता, फोन करत होता. “हो काका, गाडी घेऊन येतोय. हो, आजच.”

“घेऊन येतोय म्हणू नकोस,” न्तोंबी म्हणाली. “बघायला आणतोय म्हण.”

“तेच ते, ताई.”

“तेच ते नाही.”

पण तोवर त्याने फोन खिशात घातला होता. डांबरी रस्ता संपतो तिथल्या दुकानापाशी आल्यावर त्याने आवाज मऊ केला. “ताई, इथून मी घेऊ? तू मागे बसून बघ ना. आई मागेच बसणार. धक्के किती लागतात ते तुला कळायला नको?”

“आणि लायसन्स?”

“इथे कोण तपासणार, गाई?”

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हेच वाईट झालं. न्तोंबी मागे बसली. धक्के खरंच लागत नव्हते.

वस्तीत गाडी शिरली तशी बायकांनी जिभा हलवत हर्षाची आरोळी ठोकली. अंगणात थोरले काका, म्हणजे न्तोंबीच्या वारलेल्या वडिलांचे मोठे भाऊ, काठी टेकून उभे होते आणि त्यांच्यामागे खांबाला बकरा बांधलेला होता. स्टिअरिंगवरून वुसी उतरला, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवत. न्तोंबी मागच्या दारातून उतरली, दोन्ही हातांत पाव आणि दुधाच्या पिशव्या घेऊन. लोकांनी काय पाहिलं असेल ते वेगळं सांगायला नको.

“काका, हा बकरा कशाला? गाडी अजून घेतलेली नाही. सोमवारी परत द्यायचीय.”

“परत?” काका म्हणाले. “नवरी बघायला आणली आणि उंबरा ओलांडून आत आली, की ती बघायची राहते का? दारात आली म्हणजे घरची झाली.”

“अहो काका, ती शोरूमची आहे.”

“शोरूमला त्यांचे पूर्वज बघून घेतील. आपल्यांना कळवल्याशिवाय मी या रस्त्यांवर पोरांना फिरू देणार नाही.”

इथे खरं तर न्तोंबीचा विरोध संपला. कारण मनात कुठेतरी तिला ते हवंच होतं. कारखाना उघडला तेव्हा पूर्वजांना कुणी कळवलं नव्हतं. टाकी बसली, घराला पत्रे चढले, तेव्हाही नाही. गोल झोपडीत मागच्या अंगाला पूर्वजांची जागा आहे, तिथे धूर करून एकदा आपलं नाव घेतलं जावं, एवढीच तिची इच्छा होती. गाडीच्या निमित्ताने का होईना.

शनिवारी सकाळी झोपडीत पुरुष उजवीकडे बसले, बायका डावीकडे चटईवर. न्तोंबी आईला टेकून बसली. काकांनी वाळकी इम्फेफो, पूर्वजांना बोलवायची धुपाची वनस्पती, पेटवली. धूर छताला लागल्यावर कुळाची नावं घेत हाका मारल्या, “मान्झिनी! ग्वाबिनी! ऐका. तुमचा वुसुमुझी गाडी घेऊन आलाय. झुंगूंच्या दारात अशी गाडी आजवर आली नव्हती. त्याला सांभाळा. वळणावर त्याचा हात धरा.”

न्तोंबीला वाटलं, आता पुढे आपलं नाव येईल. काकांनी पुढे पावसाचं, गाईंचं आणि पुतण्याच्या लग्नाचं सांगितलं आणि ते थांबले. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईने तिचा हात दाबला. पूर्वजांशी बोलणं चालू असताना मध्ये बोलत नाहीत.

मग बकरा कापला. पित्ताचे चार थेंब चाकांवर पडले, बाकीचं बॉनेटवर. कातड्याची ओली पट्टी काकांनी वुसीच्या मनगटावर कड्यासारखी चढवली. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. आमच्याकडे ज्याच्या हाती कडं, त्याची गाडी. आणि वुसीने हात पुढे केला. ‘काका, थांबा, माझी नाही, ताईची आहे,’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? आयत्या बिळावर नागोबा होऊन तो हसत उभा राहिला.

मांस शिजत असताना न्तोंबीने काकांना गाठलं. “काका, गाडी माझी आहे.”

“ठाऊक आहे मला. मी काय आंधळा आहे?”

“मग माझं नाव का नाही घेतलं?”

“तू मुलगी. उद्या लग्न करशील, गाडी दुसऱ्याच्या दारात जाईल. जो इथे राहणार त्याचं नाव सांगायचं असतं.”

“काका, माझे केस पिकले. कोण येतंय मला मागायला?”

“गाडी बघून येईल की कुणीतरी,” काका म्हणाले आणि सगळे पुरुष हसले. वुसीसुद्धा.

“ताई, सोड ना,” तो नंतर म्हणाला. “म्हातारे बोलले तर बोलले. गाडी तूच चालवणार आहेस. तुला काय फरक पडतो?”

“फरक पडत नसेल तर जाऊन सांग ना त्यांना.”

“आता कड्याचं काय करू? काढलं तर अपशकुन.”

रविवारी तिने आईला चर्चला नेलं. आई गाडीच्या पायरीवर पाय ठेवून, दाराची कड धरून एका दमात आत चढली. पाय हातांनी उचलावा लागला नाही. न्तोंबीचे डोळे भरून आले. गाडी सुरू केल्यावर तिने सीट गरम करायचं बटण दाबलं, तशी आई दचकली.

“हे कोण बसून ऊन करून गेलं?”

“गाडीच करते, आई.”

“काय लाड,” आई म्हणाली आणि सगळी वाट टेकून बसली. न्तोंबीने मनात ठरवून टाकलं. हीच घ्यायची. काका गेले खड्ड्यात.

चर्चच्या दारात पाद्रीबाईंनी आईला हात देऊन उतरवलं. “वा, मादुबे, कुणाची गाडी?” वस्तीत आईला माहेरच्या नावाने मादुबेच म्हणतात.

“आमच्या वुसीची,” आई म्हणाली.

न्तोंबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांचं समजू शकत होती, काका तसेच. पण आई? जिला ती महिन्यामागून महिने दवाखान्यात नेत होती, ती? प्रार्थनेला ती आत गेलीच नाही.

सोमवारी तिने वुसीला बरोबर घेतलं. गाडीत इम्फेफोचा वास बसला होता आणि बॉनेटवर पित्ताचे वाळलेले ओघळ होते. क्रीसनने नाक मुरडलं, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. “मग बॉस, काय ठरलं?”

“विचार त्यांना,” न्तोंबी म्हणाली. “गाडी त्यांची आहे. वरपर्यंत कळवलंय.”

क्रीसनने कागद वुसीपुढे सरकवले. वुसीने कड्याचा हात टेबलाखाली घेतला. “ताईला विचारा ना.”

“आता ताई आठवली?” न्तोंबी उभी राहिली. “शनिवारी झोपडीत तोंडाला कुलूप लागलं होतं का? आणि तू, क्रीसन, तीन दिवस मी चालवलेल्या गाडीबद्दल याला काय विचारतोस? हा काचेला नाक लावून फोटो काढत होता. गाडी चांगली आहे. घ्यायलाच आले होते. पण इथून नाही, आणि ही तर नाहीच.” तिने किल्ली टेबलावर ठेवली. दारापर्यंत क्रीसन मागे आला, पहिल्यांदाच तिच्याकडे बघत.

पुढच्या दवाखान्याच्या दिवशी ती वस्तीत आली ती जुनी पांढरी गाडी घेऊन. काका गोठ्यापाशी होते.

“वुसीची गाडी कुठाय?”

“पूर्वजांना विचारा, काका. त्यांना सगळं कळवलंय.”

आईने दार उघडलं. पाठ आत घातली. पाय दोन्ही हातांनी उचलला, ओठ चावला, आत ठेवला. या वेळी गाडी बनवणाऱ्याला काही म्हणाली नाही.

“ती गाडी का नाही घेतलीस?”

“वुसीची होती ना? तूच म्हणालीस.”

आई पुढच्या काचेतून बघत राहिली. न्तोंबीने चावी फिरवली.

“थांब,” आई म्हणाली. “बंद कर.”

तिने पाय पुन्हा हातांनी उचलून बाहेर ठेवला आणि लंगडत गोल झोपडीकडे निघाली. स्वयंपाकघरातून काडेपेटी घेतली. काका काठी आपटत मागे आले. “मादुबे, ते बायकांचं काम नाही.”

“मग पुरुषांनी नीट करायचं होतं,” आई म्हणाली आणि आत शिरली.

तिला खाली बसता येईना. ती भिंतीला धरून उभीच राहिली, इम्फेफो पेटवली आणि धुराकडे बघून बोलू लागली. “अहो, ऐकताय ना? बाहेर पांढरी गाडी उभी आहे, खरचटलेली. ती न्तोंबिझोद्वाची. मला दवाखान्यात तीच नेते. इतकी वर्षं नेते. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.”

न्तोंबी दारात उभी होती. मध्ये बोलत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

“राहून नाही गेलं, आई,” ती म्हणाली. “सांगितलं नाही.”

बाहेर काकांची काठी थांबली.

“सांगितलं नाही,” आई धुराला म्हणाली. “ती खरं बोलते. तुमच्या भावाने सांगितलं नाही, तुमच्या मुलाने सांगितलं नाही, आणि मी शेजारी बसून तिचा हात दाबला. आता सांगते.”

आणि तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं, कारखान्यापासून, मग पत्रे, मग टाकी. दवाखान्याला त्या दिवशी उशीर झाला.