शोभेची पुस्तकं

केसर नवगावच्या कोळीवाड्यातली सून. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागून तिला बरीच वर्षं झाली होती. अडलेली बाळंतपणं, सर्पदंश, दारू पिऊन गटारात पडलेले, मोटारसायकलवरून आपटलेले, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. पण तिच्याजवळ होता तो डिप्लोमा. तिच्यामागून आलेल्या डिग्रीवाल्या मुली एकेक करून तिच्यावर इन्चार्ज होऊन बसल्या, तेव्हा तिनं आरडाओरडा केला नाही. नोकरी सांभाळून करता येणाऱ्या डिग्रीला गुपचूप नाव घातलं. वॉर्डात बातमी फुटली तसे मोठे डॉक्टर हसत म्हणाले, "सिस्टर, आता या वयात कशाला डोक्याला ताप?"

"ताप उतरवायचंच तर काम करते सर मी," केसर म्हणाली, आणि सलाईनची बाटली बदलायला निघून गेली.

वर्ग दर रविवारी अलिबागला भरायचा. विद्यापीठाच्या पातळ पुस्तिका पोस्टानं घरी आल्या होत्या, पण प्रत्येक धड्याखाली जाडजूड इंग्रजी पुस्तकांची नावं छापलेली. शिकवायला येणारे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ही वाचल्याशिवाय पेपरला बसू नका, उगाच तोंडावर पडाल."

पुस्तकं दुकानात होती. पण ती घ्यायची तर केसरचा अख्खा पगार गेला असता आणि वर नवऱ्याच्या, भावेशच्या, होडीच्या डिझेलला हात लावावा लागला असता. ज्या कॉलेजात वर्ग भरायचा तिथल्या काचेच्या कपाटात तीच पुस्तकं होती, पण कपाटाची चावी फक्त रोज येणाऱ्या मुलींसाठी फिरायची. रविवारवाल्यांनी ती बाहेरूनच बघायची.

केसरच्या शेजारी बसणारी सुचिता तळा गावाहून यायची. तीही नर्सच. तिनं मोबाईलवर कुठून कुठून पानं उतरवून घेतली, पण मुंगीएवढी अक्षरं वाचता वाचता दोघींचे डोळे चुरचुरायला लागले. मग एका ओळखीच्या मुलीकडून पुस्तक एका दिवसासाठी मागून झेरॉक्स काढली. चित्रांच्या पानांवर नुसते काळे गोळे उठले.

"यात हृदय कुठलं नि यकृत कुठलं गो?" सुचितानं विचारलं.

"दोन्ही जळालीत," केसर म्हणाली. हसल्या दोघी, पण केसरच्या मनात राग साचत चालला होता. दवाखान्यात रक्तामासातलं सगळं हाताळायचं आणि कागदावरचं हृदय मात्र परवडायचं नाही, हे तिला पटेना.

अशात किहीमहून रावजीचा निरोप आला. रावजी तिथल्या एका बंगल्याचा रखवालदार, भावेशच्या ओळखीतला. बंगल्यातल्या माईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडलेली, पाठीला जखम झालेली. मुलगा-सून मुंबईला, शनिवार-रविवारी मोटार बोटीत घालून मांडव्याला उतरायची. एक मुलगी दिवसरात्र सोबतीला होती, पण जखम धुवायला जाणतं माणूस हवं होतं. ड्युटी सुटल्यावर एक दिवसाआड जायचं केसरनं कबूल केलं. तेवढेच चार पैसे पुस्तकांना होतील, असा हिशेब.

पहिल्याच दिवशी पाणी तापेपर्यंत ती हॉलमध्ये थांबली. समोरची आख्खी भिंत पुस्तकांनी भरलेली, जमिनीपासून छतापर्यंत. सगळ्यांना एकसारखी पांढरी कव्हरं, एकावरही नाव नाही. यांना कुठलं काय ते कळतं कसं, म्हणून तिनं कुतूहलानं एक ओढून उघडलं आणि तिथंच फरशीवर फतकल मारून बसली. वर्गात सरांनी सांगितलेलंच पुस्तक होतं ते! दुसरं काढलं, ती जुनी हिशेबाची वही निघाली. तिसरं बालरोगांचं. पुढचं सार्वजनिक आरोग्याचं. पानांवर कुणा शिकणाऱ्या मुलीनं पेन्सिलीनं खुणा केलेल्या. आणि चित्रातलं हृदय लालबुंद, निळ्या शिरांसकट.

"ही कुणाची?" तिनं रावजीला विचारलं.

"कुणाची न्हायत. घर सजवणाऱ्यानं रद्दीतनं किलोवर आणली नि कव्हरं घातली. शोभेला हायत."

शनिवारी सूनबाई, नेत्रा मॅडम आल्या. केसरनं माईंची जखम धुतली, हात पुसले आणि सरळ विचारलं, "मॅडम, तुमच्या भिंतीवर माझ्या अभ्यासाची पुस्तकं आहेत. एकेक नेऊ का? वाचून जशीच्या तशी आणून देईन."

नेत्रा मॅडम गोड हसल्या. "अगं, ती वाचायची नाहीत. एक जरी काढलं ना, तरी दात पडल्यासारखं दिसतं. आणि तुला कशाला आता डिग्री-बिग्री? इतकं छान काम करतेस." मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी एक पिशवी पुढे केली. "यात माझे ड्रेस आहेत. फार वापरलेले नाहीत. ने तुला."

"कपडे आहेत मला," केसर म्हणाली. पिशवी तिनं उचललीसुद्धा नाही.

घरी आली ती भांडी आपटतच. सासू गोदूबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दात पडल्यागत दिसतं म्हणली?"

"व्हय."

"मग दात बसव की गो. त्यात काय!"

गोदूबाई उठली, माळ्यावरून नातीची, आरोहीची, मागल्या इयत्तांची पुस्तकं खाली काढली, तीन-तीन एकावर एक ठेवून जाडी हातानं मापली. "हितकं पुरंल?"

केसरला हसू फुटलं, पण ती लगेच थांबली. तिला चोरी करायची नव्हती. चोरीचा आळ घेऊन डिग्री काय कामाची?

पुढच्या खेपेला तिनं माईंना विचारलं. माईंची जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून यायचे, पण कान आणि डोकं शाबूत होतं. त्यांना मागल्या खोलीत ठेवलेलं. खिडकीतून कुंपणाची भिंत तेवढी दिसायची. केसरनं भिंतीवरच्या पुस्तकांचं सांगितलं, मॅडमनी नाही म्हटल्याचं सांगितलं, दात बसवायचंही सांगितलं. माईंच्या तोंडाची डावी बाजू हळूहळू हसली.

"घर... माझं," त्या म्हणाल्या. "ने."

आणि केसर उठायला लागली तसा त्यांनी डाव्या हातानं तिचा पदर धरला. "माझ्या... आजाराचं... काय लिहिलंय? वाच."

केसरनं हॉलमधून पुस्तक आणून अर्धांगाचं प्रकरण काढलं. इंग्रजी ओळ वाचायची आणि माईंना मराठीत समजावायची. असं करता करता तिचं तिलाच पक्कं होत गेलं. रोग्याला सारखं झोपवून ठेवू नका, खुर्चीत बसवा, चार माणसांत आणा, बोलतं करा. हे केसरला ठाऊक होतंच, तिनं सोबतीच्या मुलीला सांगूनही पाहिलं होतं. "मॅडमनी सांगितलंय, माईंना हॉलमध्ये आणायचं नाही," एवढंच उत्तर मिळालं होतं. पण छापलेलं कानावर पडल्यावर माईंना जोर चढला.

"मला... बसव," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दोन कामं सुरू झाली. केसर आली की माईंना चाकाच्या खुर्चीत घालून हॉलमध्ये आणायची. आणि माईंच्या डोळ्यांदेखत भिंतीवरचं एक पुस्तक काढायची, त्याचं पांढरं कव्हर सोडवायची, जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेल्या आरोहीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला चढवायची, आणि गठ्ठा जागेवर सरकवायची. माई मान तिरकी करून बघायच्या. "जरा... डावीकडे," म्हणायच्या. रावजी दारात उभा राहून डोक्याला हात लावायचा.

पुस्तकं कोळीवाड्यात आली, तिथून अलिबागला वर्गात गेली. सुचितानं एक तळ्याला नेलं, तिच्याबरोबर दवाखान्यातल्या आणखी दोघींनी वाचलं. रविवारी देवघेव व्हायची. कुणी मासळीच्या पिशवीत आणलं तर केसर खडसावायची. वाचणाऱ्या वाढल्या तशी भिंतीवर आरोहीची आख्खी सहावी-सातवी जाऊन बसली, आणि मॅडम येऊन-जाऊन असूनही त्यांना काही उमगलं नाही.

परीक्षा तोंडावर आली होती. एका रविवारी वर्ग आटपून केसर किहीमला गेली तर अंगणात तीन-चार गाड्या. मुंबईचे पाहुणे जेवायला आलेले. ती मागच्या दारानं माईंकडे गेली. जखम आता भरत आली होती. पट्टी बदलून होते न होते तोच हॉलमधून हसण्याचा मोठा आवाज आला. एका पाहुण्यानं "बघू तरी, काय वाचता तुम्ही" म्हणत पांढरं पुस्तक ओढलं होतं. दोरा सुटून सहावीचा भूगोल खाली पडला. उघड्या नकाशात रायगडच्या जागी आरोहीनं पेनानं भला मोठा मासा काढलेला.

"नेत्रा, सहावीला बसतेस की काय?" कुणीतरी म्हणालं.

"हे कुणी केलं?" मॅडमचा आवाज चिरकला. "रावजी!"

केसरनं माईंना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ढकलत हॉलमध्ये आणली.

"मी केलं," ती म्हणाली. "तुमची पुस्तकं आमच्याकडे आहेत. काही माझ्याजवळ, काही तळ्याला. एकही फाटलेलं नाही."

"मी तुला नाही म्हटलं होतं!"

"म्हटलं होतं. भिंत वाईट दिसेल म्हणून. दिसली का वाईट? तुम्ही दर शनिवार-रविवारी तिच्यासमोर चहा प्यायलात."

"ही सरळ चोरी आहे. तुझ्या दवाखान्यात कळवते मी. नोकरी जाईल तुझी."

नोकरी गेली तर डिग्रीही गेली. पण मागे वळायचं तिच्या पायांना सुचेना. "कळवा," ती म्हणाली. "नर्सनं पुस्तकं वाचली म्हणून कळवा. मी नाकारणार नाही."

खुर्चीच्या हातावर थाप पडली. माईंनी डावा तळवा आपटला होता.

"मी... दिली," माई म्हणाल्या. "चोरी... नाही. घर... माझं."

"माई, तुम्ही दमाल. केसर, यांना आत ने."

"आत... नाही." माईंनी श्वास घेतला. "इथं. जेवणार."

आणि त्या जेवल्या. तोंडाच्या उजव्या बाजूनं वरण ओघळत होतं, केसरनं गळ्याशी टॉवेल बांधला आणि घास घास करत भरवलं. घाई केली नाही. समोरच्या पाहुण्या बाईंनी आधी नजर चुकवली, मग थोड्या वेळानं खुर्ची जवळ ओढून माईंना त्यांच्या माहेरचं विचारायला लागल्या.

निघताना मॅडमनी केसरला पायरीवर गाठलं. "उद्यापासून येऊ नकोस."

"ते माईंना सांगू दे," केसर म्हणाली.

दोन दिवसांनी रावजीचा फोन आला. माई दुसऱ्या कुणाला पाठीला हात लावू देत नव्हत्या. केसर गेली. मॅडमनी तिची माफी मागितली नाही, दवाखान्यात कळवलंही नाही. पुढल्या आठवड्यात रावजीनं तांदळाच्या गोणीत उरलेली सगळी नर्सिंगची पुस्तकं कोळीवाड्यात आणून टाकली. "मॅडम घेऊन जा म्हनल्या. कव्हरं तेवढी काढून ठेवलीत."

निकाल लागला तेव्हा केसर एका पेपरात राहिली होती, बायोकेमिस्ट्रीत. बाकीचे सगळे सुटले. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. "मी म्हटलं नव्हतं, सिस्टर?"

"पुढच्या खेपेला पुन्हा बसतेय सर. त्या दिवसाची रजा आत्ताच लिहून ठेवते," केसर म्हणाली, आणि अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला.

बाजारात एका गिऱ्हाइकानं बोंबील निवडता निवडता गोदूबाईला टोचलं, "सून नापास झाली म्हणं तुझी?"

"एकात राहिली!" गोदूबाई साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली. "बाकीच्यात पास हाय! तुझ्या घरात हाय का कोन एवढ्यात पास झालेली? न्हाय ना? मग बोंबील घे नि चालायला लाग."