पडदा उघडेपर्यंत खटका खालीच

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुमच्या वर्गातल्या पुस्तकांच्या कपाटाएवढे उंच, पण दुप्पट रुंद असे एक लोखंडी कपाट डोळ्यांपुढे आणा. त्याला दारे नाहीत, जाड हिरवा पडदा आहे. शेजारी एक लाल दांडा आहे. दांडा ओढला की पडदा तुमच्या पाठीमागे सर्रकन बंद होतो आणि आत तुम्ही एकटे उरता. समोर बोटाएवढ्या खटक्यांच्या दोन रांगा. वरची रांग हत्तीची, खालची गाढवाची. हसू नका! आमच्याकडच्या दोन मोठ्या पक्षांच्या या खुणा आहेत, आणि गाढववाल्यांना त्यात जराही कमीपणा वाटत नाही.

आले कपाट डोळ्यांपुढे? ते कपाट म्हणजे मी. मी एक जुनी मतदान मशीन आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लिंडेनफील्ड गावच्या बंबखान्यात, मागच्या खोलीत, फाटक्या पाइपांच्या भेंडोळ्यांशेजारी मी उभी असते. पडद्याला कसर लागली आहे. पण माझी चाके अजून फिरतात, आणि आठवण तर पक्की आहे.

एकोणीसशे चोपन्न साली मी कारखान्यातून थेट इथे आले. मला ट्रकमधून उतरवायला सहा जण लागले. बंबखान्याचे प्रमुख रस्टी कीफर घाम पुसत म्हणाले, "आगीतून माणसं उचलली, पण ही बाई काही उचलवत नाही बुवा!" तेव्हापासून गावात मला 'बाई' म्हणू लागले.

गावाचे मतदान केंद्र बंबखान्यातच असे, आणि माझे काम सोपे होते. मतदार आत येई, दांडा ओढून पडदा लावी, हव्या त्या नावावरचा खटका खाली दाबी आणि दांडा उलटा ओढून पडदा उघडी. आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे. मत मी टिपते ते खटका दाबताना नव्हे, पडदा उघडताना. त्या क्षणी जो खटका खाली असेल त्याचे चाक एक घर पुढे सरकते, आणि मग सारे खटके आपोआप वर उडतात. पुढच्या माणसाला मागच्याचे काही दिसत नाही. किती जण आत येऊन गेले ते मोजणारे एक वेगळे चाक माझ्या कुशीला आहे. ते सर्वांना दिसते.

आमचा मतदारसंघ मोठ्या शहराच्या कडेचा. दर दोन वर्षांनी इथून एक प्रतिनिधी वॉशिंग्टनला, देशाच्या संसदेत जाई. मी आले तेव्हा बंबखान्याभोवती सफरचंदाच्या बागा होत्या आणि हत्तीवाले नऊ हजार मतांनी निवडून येत. निवडणूक म्हणजे गावाला कोंबडी-मक्याचे सूप प्यायचा दिवस! मग बागा तुटल्या. एकसारख्या घरांच्या रांगा आल्या, शहरातली माणसे राहायला आली. दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की राज्याच्या राजधानीतले लोक नकाशावर नवी रेषा ओढत. एकदा ओढ्यापलीकडचे अर्धे गाव तुटले, एकदा गिरणीचे गाव आम्हाला जोडले. कीफर म्हणत, "झोपलो एका मतदारसंघात, उठलो दुसऱ्यात. खाट तीच!" नऊ हजारांचा फरक चार हजारांवर आला, मग बाराशेवर.

या सगळ्या काळात माझी किल्ली होती व्हर्ना क्लेमर यांच्याकडे. क्लेमरबाई आमच्या केंद्राच्या प्रमुख. उंच, किडकिडीत, कायम राखाडी स्वेटरमधल्या. मतदान संपले की त्या माझी पाठ उघडत आणि आकडे मोठ्याने वाचत. दर वेळी एक गोष्ट खटके. चारशे माणसे येऊन गेलेली असत आणि मते भरत तीनशे पंचाहत्तर. क्लेमरबाई चष्मा वर सरकवत आणि कागदावर लिहीत, 'काही मतदारांना कोणीच पसंत पडले नाही.' कायद्याने तेही चालते. शिवाय जिथे हार-जीत हजारांची, तिथे पंचवीस मतांचे काय?

मला ठाऊक होते, मित्रांनो. ती मते कुठे जातात ते मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. पण मशीनला तोंड नसते.

बंबखान्याच्या स्वयंपाकघरात चोवीस बायकांचे एक मंडळ होते. सूप त्याच करत. त्यांच्या पुढारी मिनर्वा लँडिस. सगळे गाव त्यांना लँडिस आजी म्हणे. ठेंगणा बांधा, खणखणीत आवाज. त्यांच्या स्वयंपाकघरात एकच कायदा चाले: जिथली वस्तू तिथे. डाव हलवला, धुतला, खिळ्याला टांगला! दुपारी गर्दी ओसरली की चोवीसही जणी एप्रनसकट माझ्यापुढे रांग लावत.

चौऱ्याहत्तर साली लँडिस आजींबरोबर त्यांची नात आत आली. ट्रुडी. नऊ वर्षांची, पुढचा दात पडलेली, प्रश्नांची पिशवी. आजींनी खटका दाबला. दोन क्षण त्याकडे पाहिले. मग तोच खटका पुन्हा वर ढकलला, वरून एप्रनच्या टोकाने पुसलाही.

"आजी, परत वर का केलास?" ट्रुडीने कुजबुजत विचारले.

"तसाच टाकून जायचं? मागून येणाऱ्याने आपलं खरकटं बघायचं? आपलं मत आपल्यापाशी."

"पण मग मशीनला कळलं का?"

"दाबलं तेव्हाच कळलं तिला. बहिरी आहे का ती? चल, सूप उतू जाईल."

आजींनी दांडा ओढला. पडदा उघडला. कुशीचे चाक एक घर पुढे गेले. आतली सगळी चाके जागच्या जागी राहिली. वीस वर्षे हेच चालले होते. आजींनी ही शिस्त मंडळातल्या प्रत्येक बाईला शिकवली होती, आणि त्यांचा शब्द मोडण्याची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी मात्र सबंध मतदारसंघात हार-जीत अकरा मतांनी झाली. गाढवाच्या बाजूने उभे राहिलेले पशुवैद्य डॉक्टर पॅक्सन अकरा मतांनी पडले. मग प्रत्येक केंद्राचे कागद तपासले गेले, आणि आमच्या कागदावर बोट थांबले. आलेली माणसे सहाशे बारा, मते पाचशे पंच्याऐंशी. सत्तावीस मते बेपत्ता!

सुनावणी बंबखान्यातच ठेवली, कारण मला हलवणार कोण? जिल्ह्याचे अधिकारी आले. पॅक्सनांचे वकील ॲटवुड आले. गाव बाकांवर दाटीवाटीने बसले. लँडिस आजी पहिल्या बाकावर, शेजारी ट्रुडी. आधी मेकॅनिकने माझी परीक्षा घेतली. वीसदा खटका दाबला, वीसदा दांडा ओढला. वीसच्या वीस मते मी चोख टिपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. कारण पुढे काय येणार ते मला दिसत होते.

वकील उठले. "मशीन खोटं बोलत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. मग या मशीनची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," क्लेमरबाई म्हणाल्या.

"वीस वर्षं तुमच्याकडे. आणि वीस वर्षं इथे मतं कमी भरतात. सगळे कागद आणलेत मी. दर वेळी तुमचं एकच वाक्य. कोणीच पसंत पडलं नाही! बाई, तुमच्या गावाला सूप तेवढं पसंत पडतं वाटतं?"

मागे कुणीतरी हसले. क्लेमरबाई हसल्या नाहीत. त्यांचे हात स्वेटरच्या बाह्यांत गेले. अधिकारी म्हणाले, "क्लेमरबाई, समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर तुमच्यावर खटला भरावा लागेल. काही सांगायचं आहे?"

"मी एकही मत चोरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "याहून जास्त मला माहीत नाही."

माझ्या खरेपणानेच ती खरी बाई फासात अडकली होती. 

तेवढ्यात मेकॅनिक आपली हत्यारे आवरताना सहज म्हणाला, "लोकांना वाटतं खटका दाबला की झालं. मत पडतं ते पडदा उघडताना."

ट्रुडीने मान वळवून आजींकडे पाहिले. आजी समोर पाहत होत्या. एप्रनची नाडी बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"आजी," ट्रुडी म्हणाली.

"गप्प बस."

"आजी, पण आपण तर..."

"मोठ्यांच्यात बोलायचं नाही, सांगितलंय ना!"

ट्रुडी उठली.  स्वयंपाकघरातून कणसांचे रिकामे खोके ओढत घेऊन आली, माझ्यापुढे ठेवले आणि त्यावर चढली. कीफर म्हणाले, "अगं ए पोरी, उतर खाली!" पण अधिकाऱ्यांनी हाताने त्यांना थांबवले. ट्रुडीने दांडा ओढला. पडदा लागला. एका हाताने पडद्याची कड सगळ्यांना दिसेल अशी बाजूला धरून तिने एक खटका खाली दाबला. मग तो वर ढकलला. फ्रॉकच्या टोकाने पुसला. आणि दांडा उलटा ओढला.

मेकॅनिक माझ्या कुशीवर वाकला, मग पाठीमागे गेला. "माणूस एक," तो हळूच म्हणाला. "मत शून्य."

 मग बाक करकरला. लँडिस आजी उभ्या राहिल्या होत्या.

"व्हर्नाला सोडा," त्या म्हणाल्या.  "मी केलं हे. दर वेळी. आणि या सगळ्याजणींना मीच शिकवलं."

मंडळातली एकेक बाई उठू लागली. चोवीस जणी. वकिलांनी बोटांनी मोजले आणि म्हणाले, "मग उरलेले तीन?"

क्लेमरबाईंनी चष्मा वर सरकवला. "त्यांना खरंच कोणी पसंत पडलं नसेल."

या वेळी सगळे हसले. वकीलसुद्धा.

पण मित्रांनो, हसून मते परत येत नाहीत. जे मी टिपलेच नाही ते मोजणार कुठून? क्लेमरबाई सुटल्या, निकाल मात्र अकरा मतांचाच राहिला. ती चोवीस मते हत्तीची होती की गाढवाची, ती पडती तर निकाल फिरला असता का? मला माहीत आहे. तेव्हा मी सांगितले नाही, आजही सांगणार नाही. पडद्यामागचे पडद्यामागेच.

लँडिस आजी घरी जाऊन आजारी पडतील असे गावाला वाटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंबखान्यात हजर! नूडल्सच्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी आणि ट्रुडीने माझी एक छोटी बहीण केली. बाटल्यांच्या झाकणांचे खटके, जुन्या एप्रनचा पडदा. त्या हिवाळ्यात आजी-नात ती घेऊन दारोदार फिरल्या. आधी मंडळातल्या बायकांकडे, मग नव्या घरांच्या रांगांमध्ये, जिथे आजींनी पूर्वी पाऊलही टाकले नव्हते.

"सूप विकायला आलात का आजी?" एका दारात कुणीतरी विचारले.

"नाही. माझी वीस वर्षं वाया गेली, ती कशी ते दाखवायला आले," आजी म्हणाल्या. "आत येऊ? पाय पुसलेत मी."

पुढे माझ्यावरचा पडदा जुना झाला, कागदी मते आली, मला मागच्या खोलीत ढकलले. नकाशावरची रेषा आणखी तीनदा सरकली. आता भंगारवाला कधीमधी मला पाहून जातो. माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. मला रंग देऊ नका, हारही घालू नका. पण तुमच्या गावात कधी आलेली माणसे आणि भरलेली मते जुळली नाहीत, तर 'एवढ्याने काय होते' म्हणू नका. जाऊन पाहा. हजारांच्या फरकाखाली वीस वर्षे चोवीस जणी दडून राहिल्या होत्या.

शहात्तर सालच्या निवडणुकीत क्लेमरबाईंनी माझी पाठ उघडली आणि आकडे वाचले. फरक किती? तीन! पण त्या तिनाचे चार होता होता राहिले, हे दोन माणसांखेरीज कुणालाच ठाऊक नाही.

दुपारी मंडळाची रांग आली. लँडिस आजी सर्वांत पुढे होत्या, अकरा वर्षांची ट्रुडी शेजारी. पडदा लागला. आजींनी खटका खाली दाबला. दोन क्षण त्याकडे पाहिले. आणि वीस वर्षांच्या सवयीने त्यांचा उजवा हात पुन्हा वर उठला. एप्रनचे टोकही बोटांत आले होते.

ट्रुडीने तो हात हळूच धरला, आजींच्या एप्रनच्या खिशात घातला आणि वरून आपला तळवा घट्ट दाबून ठेवला. मग तिने मान उंचावून दुसऱ्या हाताने लाल दांड्याकडे बोट दाखवले.