केबिनमधली खंडेनवमी

टक्! पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि माझी वर्षभराची शांतता मोडली. आत उजेड आला, पाठोपाठ ओलं फडकं आलं. म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागातल्या या घरात मला वर्षातून एकदाच बाहेर काढतात, खंडेनवमीला. पुसतात, कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशी परत डब्यात.

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. सिनेमा फिल्मवर असायचा तेव्हा तुटलेली फिल्म जोडायचं काम माझं. केबिनमध्ये मला जॉइनर म्हणत. आकारानं मी तुमच्या कंपासपेटीएवढा. लोखंडी पाठ, एक दांडी, एक पातं आणि बारीक दातांच्या दोन रांगा. फिल्मच्या कडेची भोकं माझ्या दातांत बसवायची, दोन्ही फाटकी टोकं सरळ कापायची, वर चिकटपट्टी ठेवायची आणि दांडी दाबायची. झालं! पडद्यावर कुणाला कळायचंही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगता येणार नाही. तेलाचा वास आणि कुणाचा तरी खोकला, एवढंच आठवतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं म्हैसूरच्या एका थिएटरात, जिन्याच्या टोकाशी असलेल्या छोट्या केबिनमध्ये, रंगरावांच्या हातात.

रंगराव शिंप्यांच्या घरातले. वडील, काका, सगळे शिलाई मशीनवर पाय मारणारे. हे एकटेच सिनेमात शिरले, पण बोटं शिंप्याचीच राहिली. प्रिंट आली की प्रत्येक रीळ गुंडाळताना फिल्मची कड ते अंगठा आणि तर्जनीमधून जाऊ देत. कुठं भोक फाटलेलं असलं की बोट थांबायचं. कधी बोट कापायचंही. रक्त पँटला पुसून ते मला जवळ ओढत.

शेजारच्या हुणसूर गावात दाखवून झालेली प्रिंट म्हणजे तर रोजचा वैताग.

"दामोदरराव, हे बघा," रंगराव ओरडत. "हुणसूरवाल्यानं फिल्मला स्टेपल मारलीय. पुढच्या वेळी खिळे ठोकील!"

दामोदरराव म्हणजे थिएटरचे मॅनेजर. तेही आपल्यातलेच, म्हैसुरातले मराठी शिंपी. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात दोघं शेजारी बसून भजन म्हणायचे. चहाचा पेला घेऊन ते केबिनच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "त्याला तुमच्याकडं शिवण शिकायला पाठवा की. शांताक्कांना सांगा, काजं करायला एक माणूस मिळाला म्हणून."

शांताक्का म्हणजे रंगरावांची बायको. ती घरी बसून ब्लाउजची काजं करायची.

एकदा भर हाणामारीत फिल्म तुटली. खाली अंधार, शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. रंगरावांनी मला ओढलं, दोन चित्रं कापली, दांडी दाबली. लोकांनी दुसरी शिट्टी मारायच्या आत पडद्यावर परत हाणामारी चालू! त्या दिवशी मालक स्वतः जिना चढून आले. रंगरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आहेस म्हणून मी खाली निवांत बसतो रे." मित्रांनो, तो हात खांद्यावर होता, पण ऊब मला लागली.

मग डिजिटल आलं.

रीळ नाही, पेटी नाही, हुणसूरची बस नाही. सिनेमा गच्चीवरच्या डिशच्या छत्रीतून यायला लागला. नव्या यंत्रासाठी केबिनमध्ये एसी बसला. सव्वीस वर्षं त्याच केबिनमध्ये रंगराव घामानं भिजत होते, तेव्हा साधा पंखाही कुणी दुरुस्त केला नव्हता. जुना प्रोजेक्टर हातोड्यानं फोडून भंगारात दिला. फोडायला रंगरावांनाच सांगितलं. "तुम्हाला त्याचे सांधे ठाऊक," असं मालक म्हणाले.

केबिनमध्ये दोन ऑपरेटर होते. दुसऱ्याला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. मालकांनी रंगरावांना बोलावून सांगितलं, "दसऱ्यापर्यंत बघतो. एक जरी खेळ तुझ्या चुकीनं बंद पडला तर तूही घरी."

रंगरावांनी एक वही केली. इंग्रजी त्यांना नीट येत नव्हतं, म्हणून त्यांनी बटणांची चित्रं काढली. हिरवं बटण, एकदा. मग थांब. मग निळं. घरी जाताना वही शर्टाच्या आत. चार महिने एकही खेळ बंद पडला नाही. मी फळीवर धूळ खात पडलो होतो, पण मला वाईट वाटत नव्हतं. माझं काम गेलं होतं, माझ्या माणसाचं राहिलं होतं.

मग खंडेनवमी आली.

म्हैसुरात त्या दिवशी बसला हार असतो, रिक्षाला हार असतो, न्हाव्याच्या कात्रीलासुद्धा कुंकू असतं. आमच्या केबिनमध्ये जुन्या प्रोजेक्टरला दरवर्षी तेल पाजून, पुसून, ठसठशीत कुंकू लावत. त्याला काय होणार? तो लोखंडाचा बैल होता. नव्या यंत्राची ही पहिलीच पूजा. रंगराव पहाटेच आंघोळ करून आले. यंत्राची हवा गाळायची जाळी त्यांनी काढली, स्वच्छ धुतली आणि कठड्यावर वाळत घातली. देवासमोर मळकं कसं ठेवायचं? मग शेवंतीचा हार घातला, सांबराणीचा, म्हणजे उदाचा, धूर केला आणि कुंकवाची मूठ वाहिली. त्या यंत्रात एक पंखा असतो, मित्रांनो. तो सारखी हवा आत ओढतो. जाळी कठड्यावर वाळत होती. कुंकू हळूहळू आत गेलं.

यंत्राची दृष्ट काढायला कोहळा कुणी फोडला ठाऊक आहे? दामोदररावांनी. धोतर खोचून, हात जोडून, त्यांनीच केबिनच्या उंबऱ्यावर कोहळा आपटला. वर म्हणाले, "अजून लावा हो रंगराव, पहिली पूजा आहे. कंजुषी कशाला?" आणि चिमूटभर कुंकू त्यांनी स्वतःच्या हातानं वाहिलं. मी फळीवरून सगळं पाहिलं.

संध्याकाळी जाळी परत बसली. त्या दिवशी पडद्यावर चित्र थोडं तांबूस दिसलं. रंगरावांना वाटलं, सिनेमाच तसा असेल.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. हत्तींची मिरवणूक बघायला बन्नूर-हुणसूरकडून आलेली माणसं संध्याकाळच्या खेळाला लोटली. उभं राहायलाही जागा नाही. अर्ध्या तासात नायिकेच्या गालावर लाल डाग आला. डाग पसरला. यंत्र आतून तापलं, दोनदा किंचाळलं आणि बंद पडलं.

अंधार. शिट्ट्या. "लो ऑपरेटर, निद्दे माडतीया?" झोपलास का रे, असं खालून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं थिएटर हसलं.

रंगरावांनी हिरवं बटण दाबलं. थांबले. निळं दाबलं. परत हिरवं. आणि मग, मित्रांनो, त्यांचा हात आपोआप फळीवर आला आणि त्यांनी मला उचललं. घट्ट धरलं. पण तुटलं काहीच नव्हतं. जोडणार काय?

बेंगळूरूच्या इंजिनिअरनं फोनवर एकच प्रश्न विचारला, "आत काही टाकलं का?"

दामोदररावांनी पूजेचं ताट उचललं, रंगरावांच्या हातात दिलं आणि त्यांना खाली तिकीट खिडकीपाशी नेलं. रंगरावांच्या दुसऱ्या हातात मी तसाच होतो. लोक चिडलेले होते. कुणीतरी खुर्ची फाडून तिचा काथ्या बाहेर आणला होता.

"बघा!" दामोदरराव मोठ्यानं म्हणाले. "ह्या महात्म्यानं कॉम्प्युटरला कुंकू लावलं! आता दिवाळीला अभ्यंगस्नान घालणार होता!"

लोक हसले. एकानं ताटातलं कुंकू घेऊन रंगरावांच्या नाकाला फासलं. दुसऱ्यानं मोबाईलवर फोटो काढला. एका बाईनं आपल्या मुलाला उचलून दाखवलं. मालक पायरीवर उभे होते. त्यांनी विचारलं, "तू एकट्यानं केलंस?"

रंगरावांनी दामोदररावांकडं पाहिलं. दामोदरराव घड्याळ बघत होते.

"हौदु, सार. हो, मीच केलं," रंगराव म्हणाले.

त्यांनी नाव का नाही घेतलं? मी पुष्कळ वर्षं विचार केलाय. एकादशीला शेजारी कोण बसेल, याची भीती असेल. का नुसतीच लाज. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. पण मला दात आहेत, तोंड नाही.

मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." सव्वीस वर्षांचं एवढंच. निघताना रंगरावांनी मला मागून घेतलं. दामोदरराव म्हणाले, "घ्या घ्या. घरी बसून काहीतरी जोडत बसा."

त्या एकादशीला रंगराव देवळात गेले नाहीत. पुढच्याही नाही. आता ते चुलतभावाच्या दुकानात पँटचे पाय दुमडून देतात. कापडाची कड अंगठा आणि तर्जनीमधून जाऊ देतात, मधेच बोट थांबतं, आणि दुमडायचं राहूनच जातं. मग चुलतभाऊ ओरडतो. शांताक्का चार वर्षांपूर्वी गेली. जाईपर्यंत ती अंथरुणावरून म्हणायची, "मशीनला लावलंत ते कुंकू माझ्या कपाळाला लावलं असतंत, तर मी तरी चालत राहिले असते."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना डब्यात घातलं तर घाला, आम्हाला गंज चढेल, एवढंच. पण एखाद्या माणसाला चारचौघांत उभं करून हसायच्या आधी एवढं बघा, की त्या वेळी त्याच्याजवळ आणखी कोण उभं होतं.

आज सकाळी रंगरावांच्या सुनेनं, लावण्यानं, पाटावर सगळं मांडलं. विळी, कात्री, भव्याची सायकल शेजारी, मी, आणि लावण्याचा लॅपटॉप. ती घरूनच काम करते. भव्या तिची मुलगी, सहा वर्षांची, नवा परकर घालून मांडी घालून बसली होती. रंगरावांनी विळीला कुंकू लावलं, कात्रीला लावलं, आणि चिमूट घेऊन त्यांचा हात लॅपटॉपकडं गेला.

"मामा, त्याला नको," लावण्या सासऱ्यांना पटकन म्हणाली आणि तिनं लॅपटॉप बाजूला ओढला. रागानं नाही. ऑफिसचा होता तो. "आत जातं ना ते."

हात हवेतच राहिला. थोडं कुंकू पाटावर सांडलं. आपण कुणाला काय बोललो, हे लावण्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. कारण तिनं घाईघाईनं मला पुढं सरकवलं.

"ह्याला लावा ना मामा, हवं तेवढं. हा काय, बंदच आहे."

रंगरावांनी मान हलवली आणि सगळी चिमूट माझ्यावर रिकामी केली. माझ्या दातांत कुंकू भरलं. भव्या माझ्याकडं बघत होती, मग आजोबांकडं, मग लॅपटॉपकडं.

"अम्मा," तिनं विचारलं, "जे चालत नाही त्याचीच पूजा करायची असते का?"

लावण्यानं रंगरावांकडं पाहिलं. मग ती पाटावर सांडलेलं कुंकू बोटानं गोळा करत राहिली.