बाबांची परवानगी

आईच्या मोबाइलवर एआय सहायक मीच लावून दिला. बाबांच्या हट्टापायी त्याला नियमही मीच घालून दिला, मूर्खासारखा: आईने काहीही बुक करायला सांगितलं, की आधी बाबांच्या फोनवर विचारायचं. बाबा गेले. तो नियम काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

परवा आईचा फोन आला. "अश्लेषा, वडगावला तुझ्या मावशीकडे जायला गाडी सांगितली, तर हा म्हणतो, चिंतामणरावांनी नकार दिलाय. तिसऱ्यांदा!"

मी हातातलं काम टाकलं. तळेगावहून तडक लोणावळ्याला आईचं घर गाठलं.

बाबांचा फोन त्यांच्या फोटोपाशी चार्जिंगला लावलेला होता.

"माझ्यासमोर सांग बरं गाडी," मी म्हटलं.

आईने सांगितली. फोटोपाशी टिंग वाजलं. आई उठली, पदराला हात पुसले, बाबांचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्या फोनवर 'नाही' दाबलं.

"आई! हे काय?" मी ओरडले.

तिने चष्मा जागेवर ठेवला. तिच्या फोनमधून सहायकाने नकार वाचून दाखवला, तसा तिचा चेहरा पडला.

"बघ," ती म्हणाली, "अजून नाहीच म्हणतात."