चिवट्याच्या जखमा खोडणारा

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत एक पांढरा तुकडा लोळत पडलेला असतो. तास कंटाळवाणा झाला की तुम्ही त्याला पेन्सिलीचं टोक खुपसून भोकं पाडता आणि पुढच्या बाकावरच्याला मारायला त्याचेच तुकडे करता. मी त्याचाच थोरला भाऊबंद, एक जुना खोडरबर. आता करंगळीच्या नखाएवढा उरलो आहे. एवढा झिजलो म्हणजे खूप मोठं काम केलं असेल, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. आधी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

माझा जन्म कारखान्यातला. एक लांबच लांब पांढरी पट्टी यंत्रातून सरकत यायची, वरून पातं पडायचं, आणि पडेल तिथे एकेकाचा जन्म व्हायचा. मला निळ्या कागदाचा सदरा चढवला आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीत धाडलं. तिथे एका मोठ्या कलत्या फळ्यासमोर एक बाई उभी राहून नळांचे नकाशे काढायची. कुठे नळ वळतो, कुठे झडप बसते, कुठे दोन नळ एकमेकांना भेटतात, सगळं पेन्सिलीने. सगळी कचेरी तिला ताई म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो.

ताईचा हात हलका होता. ती मला कधी दाबायची नाही. एकदा मोठ्या साहेबांनी तिचा नकाशा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, की इथे काही खोडलंय हे सांगितल्याशिवाय कळत नाही. तेव्हापासून मी हवेतच होतो. खोडल्याचं कोणाला कळू न देणं हाच आपला मोठेपणा, असं मी धरून बसलो. हे लक्षात ठेवा, कारण माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

मग कचेरीत संगणक आले. फळे उचलून जिन्याखाली उभे केले. ताई अशी की कचेरीची टाचणीसुद्धा घरी न्यायची नाही, पण त्या दिवशी तिने मला गुपचूप पर्समध्ये टाकलं. मला वाटलं, काय हा जिव्हाळा! घरी गेल्यावर तिने मला स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं, संपलेले सेल, दोऱ्याची रिळं आणि कुठल्या कुलपाची ते कोणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली, यांच्या संगतीत. दोन वर्षं मी तिथे होतो. अंग पिवळं पडलं. कोणी विचारलं नाही.

त्या घरात ताई आणि तिचा धाकटा भाऊ असे दोघंच. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताई वीस वर्षांची होती आणि धाकटा नऊ. तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं, तापात रात्रंदिवस उशाशी बसली. आता तो वेल्डिंगच्या कारखान्यात लागला होता, दारं-खिडक्यांच्या जाळ्या जोडायचा. पण बोलणं म्हणाल तर खणातून मला जे ऐकू यायचं ते एवढंच: जेवलास का, हो, गॅस संपत आलाय, बरं. भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर निदान चार शब्द जास्त झाले असते.

तो खेळ घरात आणला शेजारच्या गुरुजींनी. गुरुजी शाळेत गणित शिकवायचे. खेळ असा, की टेबलाभोवती बसायचं आणि एका कल्पनेतल्या मुलखात फिरायचं. एकाने तो मुलूख रचायचा, त्यातली माणसं आणि राक्षस चालवायचे. बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, आणि वार लागला की चुकला हे फाशांवर ठरवायचं. मुलूख रचायचं काम आपसूक ताईकडे आलं, कारण नकाशे तिच्याइतके कोणाला यायचे? धाकटा तलवारबाज झाला. त्याच गल्लीत राहणाऱ्या नर्सबाई आग फेकणारी चेटकीण झाल्या. आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात शाळेतला खडू घरी आणला नाही ते गुरुजी हौसेने चोर झाले.

दर रविवारी दुपारी दोन लाकडी घोड्यांवर टाकलेल्या जुन्या दाराचं टेबल व्हायचं. ताई आपल्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायची आणि त्याच्यामागे राक्षसांचे कागद ठेवायची. कोणत्या राक्षसात किती जीव उरला तो आकडा पेन्सिलीने लिहायचा, वार लागला की त्यावर काट मारून शेजारी कमी केलेला लिहायचा, आणि जीव पुन्हा वाढला की आकडा खोडायचा. त्यासाठी खण उघडला गेला आणि मी बाहेर आलो. आडोशाच्या आत डोकावायचं नाही, एवढा एकच नियम होता. तो कोणी लिहून काढला नव्हता; लिहायची गरजच नव्हती.

आता चिवट्याची गोष्ट. हा दलदलीतला राक्षस. ह्याचं वैशिष्ट्य असं, की ह्याच्या जखमा आपोआप भरतात. दर फेरीला वीस जीव परत. म्हणजे वीर वार करणार, ताई आकडा कमी करणार, आणि फेरी संपली की मी तो खोडणार आणि ती पुन्हा वाढवून लिहिणार. म्हणायला राक्षस सावरायचा, झीज माझी व्हायची. तरी मी खूश होतो. दोन वर्षं खणात काढून बघा, मग कळेल.

पहिल्या लढाईत त्याचा पार फज्जा उडाला. जखमा भरणाऱ्याला जाळायचं असतं हे नर्सबाईंना आधीच ठाऊक होतं. त्यांनी आग फेकली, दोन फेऱ्यांत चिवट्याचा कोळसा, आणि सगळे पोट धरून हसले. ताईचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या खेपेला तिने त्याचा भाऊ आणला, त्याच नावाचा, आगीला न जुमानणारा, आणि विसाचे चाळीस केले. ते तर आणखी वाईट. कोणी हरेना, कोणी जिंकेना. नर्सबाई जांभया देऊ लागल्या आणि धाकट्याने खिशातून फोन काढला. ताईने लढाई अर्धवट सोडली आणि राक्षस पळून गेला असं सांगून टाकलं.

पण ती हट्टाला पेटली. आठवडाभर कचेरीतून आली की टेबलाशी बसायची, लिहायची, मला घ्यायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एका संध्याकाळी तिला मर्म सापडलं. नुसता चिवट राक्षस कोणालाच नको असतो. तो का मरत नाही ते शोधता आलं पाहिजे, आणि शोधलं की तो मेला पाहिजे. मग तिने ठरवलं, की चिवट्या आवाजावर जगतो. एका फेरीत त्याच्यासमोर कोणी एक शब्द जरी बोललं, तरी त्याच्या जखमा भरतात, पहिल्यासारखे वीस जीव परत. कोणीच बोललं नाही, तर भरत नाहीत. खुणा तिने आधीच पेरल्या: दलदलीकाठच्या गावात गाईंच्या गळ्यात घंटा नाहीत, दारांच्या बिजागऱ्यांना चिंध्या गुंडाळलेल्या आहेत, पोरं खेळतात तीसुद्धा मुकाट. सांगायचं कोणी नाही, ओळखायचं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, फार सुरेख काम होतं ते.

आणि बघा, वीर नेमके लढताना ओरडाओरड करायचे. "मागून जा, आता मार, अरे डावीकडे!" आणि मी आपला खोडतोय. चार रविवार हे चाललं. कोणी जांभई दिली नाही. धाकटा जेवताना चिवट्याबद्दल बोलू लागला. ह्याला मीठ टोचत असेल का, ह्याची सावली कापायची का, असं काहीबाही विचारायचा. ताई काही सांगायची नाही, पण त्याच्या ताटात पोळी वाढताना तिचा चेहरा मी खणाच्या फटीतून पाहिला आहे. अकरा वर्षांचा असताना तो जसा बोलायचा तसा बोलतोय, असं ती नर्सबाईंना म्हणाली.

तेवढ्यात त्याला लांबच्या बंदरात नोकरी लागली, जहाजं जोडायची. पगार चांगला, राहायची सोय. त्याने तीन आठवडे मागून घेतले आणि ताईला म्हणाला, "चिवट्याचा निकाल लावूनच जाणार मी."

त्याने ते लाडाने म्हटलं होतं. तिने मात्र ऐकलं ते असं, की चिवट्या मेला की हा जाणार. गाडी मंगळवारची होती. चिवट्या मेला काय आणि जगला काय, ती सुटणारच होती. हे ताईला कळत नव्हतं असं नाही. पण त्या रविवारी आडोशामागे तिने वीसच्या जागी तीस वाढवले. मला वाटलं, हात चुकला. पुढच्या रविवारी कोणी बोललं नव्हतं अशा एका फेरीतसुद्धा तिने मला उचललं. तेव्हा मला कळलं. आणि मी काय केलं? कागदावर नखाएवढा डाग राहू दिला नाही. साहेबांची शाबासकी डोक्यात होती ना.

लढाईच्या सुरुवातीला चिवट्याचे एकशेवीस जीव असतात एवढं ताई सांगायची, आणि तिथून पुढे गुरुजी आपल्या वहीच्या कोपऱ्यात त्याच्या जिवाचा हिशेब ठेवायचे. सवय, दुसरं काय. त्यांचा अंदाज चुकू लागला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बेरीज केली, आणि ताईला म्हणाले की माफ करा, माझंच गणित हल्ली कच्चं झालंय. ताईने मान हलवली. मला आजही त्या मान हलवण्याची चीड येते.

शेवटचा रविवार आला. धाकटा आत आला तो ओठांवर बोट ठेवूनच. त्याने ओळखलं होतं. कारखान्यात ग्राइंडर चालू असला की ही माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. तेच हातवारे त्याने गुरुजींना आणि नर्सबाईंना आठवडाभर शिकवले होते. ही पुढे, तो मागे, आता मार, थांब. फासे वाजू नयेत म्हणून त्याने टेबलावर टॉवेल घडी करून ठेवला. मग उठून पंखासुद्धा बंद केला. ताईकडे पाहून तो असा हसला, की मला वाटलं आता ती उठून त्याच्या पाठीवर थाप देणार.

खेळ सुरू झाला. कोणी चकार शब्द काढला नाही. फासे टॉवेलवर पडायचे, गुरुजी कागदावर आकडा लिहून दाखवायचे, नर्सबाई हसू आवरायला तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या. पहिली फेरी, चिवट्या एकशेवीसवरून ऐंशीवर. दुसरी, एक्केचाळीस. तिसऱ्या फेरीत धाकट्याचा वार असा बसला की सात उरले. गुरुजींनी आपल्या वहीत सात लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल केला. आणखी एक फेरी, की संपलं.

ताईने मला उचललं.

मित्रांनो, माझा आवाज केवढा तो. वर्गात कोणाला ऐकूसुद्धा येत नाही. पण त्या खोलीत पंखा बंद होता, फासे बंद होते, चार माणसांनी श्वास रोखून धरला होता. त्या शांततेत मी कागदावर घासला गेलो, खस, खस, खस, आणि तिघांनी ऐकलं.

धाकट्याने मान वर केली. मग म्हणाला, "ताई, आत्ता कोणी बोललं नव्हतं."

आकडा लिहिताना चुकला होता, असं ताई म्हणाली. त्याने कागद दाखव म्हटलं. तिने त्यावर हात ठेवला. हाताखाली सत्तावीस होते आणि माझा चुरा होता. गुरुजींनी आपल्या वहीतल्या सातकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे माझं बरोबर होतं." त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

धाकटा ओरडला नाही. त्याने टॉवेल झटकून घडी केला, खुर्ची आत सरकवली. दाराशी गेल्यावर म्हणाला, "मला वाटत होतं, मी शोधून काढलं."

शोधून काढलं होतंस रे! अगदी बरोबर शोधलं होतंस! मला तोंड असतं तर मी बोंब मारून सांगितलं असतं. ताईला तोंड होतं. एवढं एक वाक्य तिने म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "गाडीत खायला काय देऊ?"

तो मंगळवारी गेला. बंदरावर त्याला नवे सोबती मिळाले, तिथेही तो हा खेळ खेळतो. हे त्याने नर्सबाईंना कळवलं, ताईला नाही. गुरुजी दोन रविवार येऊन गेले. ताईने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, मग तेही येईनासे झाले. दाराचं टेबल भिंतीला टेकवून ठेवलं आहे.

एका दुपारी तिने तो कागद काढला. सत्तावीस खोडून तिथे पुन्हा सात लिहायचं होतं तिला. पण त्या जागी मी इतक्या वेळा फिरलो होतो, की कागद झिरझिरीत झाला होता. ह्या वेळी तिने मला जोरात दाबलं. आयुष्यात पहिल्यांदाच. कागद फाटला आणि सातची जागाच गेली. ती त्या भोकाकडे बघत बसली आणि मग रडली. मी तिच्या मुठीत होतो. मला तिची दया आली नाही असं म्हणणार होतो, पण आली.

मित्रांनो, मला जपून वापरा, असं सांगायची आमच्यात रीत आहे. मी नाही सांगत. पाडा हवी तेवढी भोकं, करा तुकडे. फक्त दुसऱ्याने कमावलेलं खोडायला मला हातात घेऊ नका. आम्ही नाही म्हणू शकत नाही. आणि घेतलंच कधी, तर त्या माणसाला त्याच दिवशी सांगून टाका. ताई अजून दर रविवारी धाकट्याला फोन करते. मी खणातून ऐकतो. दर वेळी वाटतं, आज सांगेल. ती विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "हो." मग ती फोन ठेवते.