खिडकीपर्यंतची फळी

मी एक फळी बोलतेय. सागवानाची वगैरे नाही, साधीच. बावीस वर्षं मी पुस्तकांच्या कपाटातला मधला कप्पा होते. कपाट बाईंचं. शाळेतून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्याजवळ त्यांचा धाकटा भाऊ राहतो. तो घड्याळजी. डोळे अधू झाले, दुकान बंद पडलं आणि त्याबरोबर त्याचं बोलणंही.

एकदा बाई प्राण्यांच्या निवाऱ्यातून आल्या त्या एका करड्या मांजरीचा फोटो घेऊनच. अंगावरून गाडी गेलेली, मागचे दोन्ही पाय लुळे.

"हिला आणायचं म्हणतेय."

"ताई, आपल्याला आपलंच होईना, त्यात ही?"

"तुझे हात रिकामेच आहेत ना?"

त्याने फोटो डोळ्यांशी नेला. मग म्हणाला, "फरफटत चालते म्हणजे उंबरा कसा ओलांडेल?"

दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तकं जमिनीवर काढून ठेवली आणि मला उपसलं.

पुढचे आठ दिवस मी विसरणार नाही. साठीचा माणूस कोपरांवर रेटत, पाय ओढत घरभर फिरला. कुठे घसरतं, कुठे टोचतं ते स्वतःच्या अंगाला विचारत. उंबऱ्यात वर आलेला एक खिळा त्याला असाच सापडला, पोटाला ओरखडा उठला तेव्हा. गुळगुळीत फरशीवर त्याने रबराच्या चटया अंथरल्या. पलंगाच्या पायांना चिंध्या गुंडाळल्या. तिच्या शीच्या मातीसाठी पसरट ट्रे आणून त्याची एक कड कानशीने घासून खाली आणली.

खाली टेकू लावून मला त्याने खिडकीपर्यंतची चढण केलं. नखं रुतावीत म्हणून वर काथ्या चिकटवला, पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून कुसळ राहिलं का ते तो गाल टेकवून बघायचा. जेवताना बाईंशी बोलायचा. एकदा तर चक्क शीळ घातली.

मांजर आली. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून लघवी कशी काढायची ते शिकवलं, दिवसातून तीनदा. बाईंना नेमकी जागा सापडायची नाही. त्याच्या बोटांना सापडायची. त्यानेच तिचं नाव सरकार ठेवलं.

सरकार पलंगाखाली जाऊन बसली.

"अरे, हलतच नाही ती," बाई म्हणाल्या.

"सरकार आहे. लगेच कशी हलेल?"

दोघं हसली. त्या घरातलं तेवढंच हसणं मला ऐकायला मिळालं.

चौथ्या दिवशी तिने पुढचे पंजे माझ्यावर ठेवले. वीतभर चढली. तिचं सगळं वजन त्या दोन पंजांवर आलं होतं. मी श्वास रोखून धरल्यासारखी ताठ राहिले. मग ती थांबली आणि मागे घसरली.

"चढ जास्त झाला," तो म्हणाला आणि माझे टेकू कापायला बसला. पाचव्या दिवशी पुन्हा कापले. सहाव्या दिवशी तिने खाणं सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मूत्रपिंडं आधीच गेली आहेत. पायांकडे बघता बघता आमच्या लक्षातच आलं नाही."

अकराव्या दिवशी दुपारी चटईवर, त्याच्या तळहाताखाली, तिचं पोट हलायचं थांबलं. काही वेळ तो तसाच दाबत राहिला. बाईंनी त्याचा हात उचलून बाजूला घेतला.

त्यानंतर तो रोज माझ्याजवळ बसायचा, पट्टी लावून मोजायचा.

"अर्धा इंच जास्तच होता गं, ताई."

"अरे, चढाचा काही संबंध नव्हता."

"तू म्हणतेस."

निवाऱ्यातून दुसऱ्या मांजरीसाठी फोन आला, तर त्याने मानेनेच नको म्हटलं. बाईंनी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. शेवटी त्यांनीच मला जिन्याखाली आणून ठेवलं, वर कागद चिकटवून: हवी असल्यास न्या.

आज चौथा दिवस. येणारे-जाणारे वाचतात, पुढे जातात. एकाने ओली छत्री टेकवून ठेवली. सकाळी तो खाली आला, हाताने चाचपून मी आहे याची खात्री केली आणि वर गेला.

उद्या कचऱ्याची गाडी येईल. तुमच्याकडे असं एखादं लुळं जनावर असेल, तर त्याआधी या. आणि नसेल, तर निदान त्याच्या दारावर एकदा थाप मारा. फळी चांगली होती, एवढंच सांगा. बाईंचं तो ऐकत नाही.