ताईला मेसेज

वाचनालयाच्या माडीवर म्हाताऱ्यांना कंप्युटर शिकवून शिकवून बाईंचा घसा बसला होता, आणि त्याच्याआधी उत्साह बसला होता. निवृत्त ड्रायव्हर माउस सरकवत सरकवत टेबलाखाली न्यायचे आणि बाण हरवला म्हणून यंत्राला शिव्या घालायचे. हेडमास्तर प्रत्येक वाक्याला "समजलं" म्हणायचे, म्हणजे काहीही समजलेलं नसायचं. रोज तेच सांगायचं, तेही हसून. घरी पोचल्यावर बाईंना कुणी पाणी मागितलं तरी अंगावर काटा यायचा.

सगळ्यांत जास्त जीव खाल्ला तो आयाबाईंनी. त्यांचा जन्म इस्पितळात रुग्णांची उठबस करण्यात गेलेला. लांब राहणाऱ्या थोरल्या बहिणीला एक मेसेज लिहायचा, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. एका बोटाने अक्षर शोधत, तासभर झुंजत चार शब्द जमवायच्या आणि तास संपला की सगळं पुसून, खुर्ची आत सारून निघायच्या. पुढच्या वेळी पुन्हा श्रीगणेशा.

"अहो, राहू द्या ना ते. सेव्ह करायला शिकवलंय मी तुम्हाला," बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"ड्यूटी संपली की पलंग रिकामा करून द्यायचा असतो बाई. दुसऱ्या पेशंटला आपली चादर कशी ठेवायची?"

बाईंनी कपाळाला हात लावला. आज मात्र त्यांचा धीर सुटला.

"तुम्ही सांगा, मी लिहिते. दोन मिनिटांत हातावेगळं करू."

"नको," आयाबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "लिहून द्यायला घरी मुलगा आहे की. मी काहीही सांगितलं तरी तो 'इकडे सगळं ठीक' एवढंच लिहितो. ताईला ऐकू कमी येतं. फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि दोन खोल्यांच्या घरात सुनेसमोर ओरडून काय सांगू? मला इथे करमत नाही म्हणून?"

बाई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. ड्रायव्हर दोनदा हाका मारून थकले, हेडमास्तरांना आपोआप समजत राहिलं. तास संपला तरी बाईंनी आयाबाईंना उठू दिलं नाही, आणि पुसूही दिलं नाही. शेवटी पडद्यावर उभं राहिलं: 'ताई मला इथे करमत नाही. तुझ्याकडे राहायला येऊ का.'

"हे बटण दाबलं की गेलं. मग आवरता येणार नाही," बाईंनी बजावलं.

आयाबाईंनी पदराने बोट पुसलं आणि बटण दाबलं.

उत्तर इतक्या झटकन आलं की दोघी दचकल्या. 'मावशी, मी तुमचा भाचा. आईला हे जमत नाही, तिचे सगळे मेसेज मीच लिहितो. तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी आजच दादाशी बोलतो.'

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. म्हणजे इतकी वर्षं दोन बहिणी बोलतच नव्हत्या. दोन मुलगेच एकमेकांना 'सगळं ठीक' कळवत होते. आणि आता संध्याकाळच्या आत आयाबाईंच्या घरी सगळं कळणार होतं. आपण घाई केली नसती तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. त्यांना रडू यायला लागलं.

आयाबाई रडल्या नाहीत. वॉर्डात नातेवाइकांची गर्दी हटवताना होत असेल तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी स्वतःच बोट पुढे केलं. बाईंनी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. एकेक अक्षर शोधून त्यांनी लिहिलं: 'तू ऊठ. आईला बसव.'

मग काहीच आलं नाही. खालून शिपायाने दिवे बंद करू का म्हणून विचारलं, बाई त्याच्यावर खेकसल्या. ड्रायव्हर आणि हेडमास्तर पिशव्या घेऊन दाराशी उभे राहिले, पण गेले नाहीत. आयाबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

खूप वेळाने पडदा हलला.

'ययययययययययययये'

"हे काय बिघडलं?" आयाबाई घाबरल्या.

काही बिघडलं नव्हतं. नवख्या माणसाला बटणावरून बोट उचलायचं भान राहत नाही आणि अक्षर धावत सुटतं. अशी अक्षरं बाईंनी या खोलीत हजारदा पुसली होती. कुठल्याच मुलाला असं लिहिता आलं नसतं.

"आयाबाई," बाई कशाबशा म्हणाल्या, "ताई स्वतः बसल्यात."